शिक्क्याची मुदत

तिने पुन्हा एकदा पान उघडलं आणि पुन्हा एकदा पडदा लाल झाला. तुटलेलं कुलूप, मोठं उद्गारचिन्ह, आणि खाली तीच दोन वाक्यं: या संकेतस्थळाची ओळख पटत नाही. येथे तुमची फसवणूक होऊ शकते.

"झालं का गं?" आई मागून म्हणाली.

"नाही."

"मगाशी म्हणालीस ना, झालं म्हणून?"

"मगाशी झालं होतं. आता नाही झालेलं."

आई हातातलं फडकं घेऊन जवळ आली. लाल उजेड तिच्या चष्म्याच्या काचांवर पडला, तशी तिने मान वळवली. शेजारच्या घरातलं भांडण कानावर पडल्यावर माणूस वळवतो, तशी.

"तो फसवणूक शब्द तेवढा आधी काढून टाक," ती म्हणाली. "बाकीचं मग कर निवांत."

"आई, तो मी लिहिलेला नाही. तो ब्राउझर लिहितो."

"कोण असेल तो. त्याला काय माहीत ह्यांच्याबद्दल?"

मुलीने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. सकाळपासून तिने कितव्यांदा सुरुवात केली होती ते मोजणं तिने सोडून दिलं होतं.

खोली रस्त्याच्या बाजूची होती. एकेकाळी ते बाबांचं दुकान होतं, आणि दुकान बंद केल्यावरही त्या खोलीने आपला स्वभाव सोडला नव्हता. भिंतीवरच्या खुंट्यांना तराजूच्या दांड्या लटकत होत्या, कोपऱ्यात पोती जोखायचा लोखंडी काटा होता, आणि खिडकीपासून लांब, जिथे वाऱ्याची झुळूकही पोचू नये अशा जागी, संगमरवरी फरशीवर काचेच्या पेटीत तो नाजूक काटा होता, ज्याच्यासमोर लहानपणी तिला जोरात श्वास घ्यायचीही बंदी होती. किराणावाले, सोनार, औषधांच्या दुकानांचे मालक असे सगळे आपापले काटे घेऊन इथे यायचे. बाबा ते उघडायचे, पुसायचे, कानस घेऊन खरे करायचे आणि मग वजनमापाच्या निरीक्षकाकडे शिक्क्यासाठी पाठवायचे. शिक्का वर्षभर चालायचा. वर्ष सरलं की काटा कितीही खरा असो, कायद्याच्या लेखी तो खोटाच.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी दुकान आवरलं आणि संकेतस्थळ काढलं. एकेका जुन्या काट्यासाठी एकेक पान, हाताने काढलेली चित्रं, कुठली कमान कुठे झिजते आणि झिजली की काय करायचं याची बारीक माहिती. ज्यांना आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं अशा कुठल्या कुठल्या गावचे कारागीर तिथे प्रश्न टाकत, आणि बाबा प्रत्येकाला उत्तर देत. सर्व्हरची जागा भाड्याने घेऊन देण्याचं काम मुलीने केलं होतं. ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या ग्रंथालयात होती, तिथलं संकेतस्थळ तिच्याच गळ्यात पडलेलं होतं, त्यामुळे पडत-झडत शिकलेलं तिला बरंच येत होतं.

"सुरक्षेचं सर्टिफिकेट म्हणजे असं बघा बाबा," पहिल्यांदा तिने फोनवर समजावलं होतं, "तुमचं पान खरंच तुमचं आहे, मधे कुणी भामटा बसलेला नाही, असं एक तिसरा माणूस लिहून देतो. ते सर्व्हरवर बसवायचं."

"म्हणजे शिक्का," बाबा म्हणाले होते.

"हो, शिक्काच."

"आणि मुदत?"

"तीन महिने."

"बाप रे. भलताच कडक निरीक्षक आहे."

ती मुदत काल संपली. बाबांना जाऊन दीड महिना होत होता.

एवढंच असतं तर तिने आईला चार दिवस थांब म्हणून सांगितलं असतं. पण उद्या संध्याकाळी काटेवाल्यांच्या संघटनेने शोकसभा ठेवली होती, आणि अध्यक्षांच्या डोक्यात आलं होतं की हारतुऱ्यांपेक्षा बाबांचं संकेतस्थळच सभेत मोठ्या पडद्यावर दाखवावं. हे अध्यक्ष म्हणजे बाबांचे जुने सोबती. अंगापिंडाने इतके किरकोळ की बाबांनी त्यांचं नाव तोळामासा ठेवलं होतं, आणि आता संघटनेच्या पत्रकांखेरीज त्यांचं खरं नाव कुठेच वापरात नव्हतं.

फोन वाजला. आईने उचलला आणि ऐकता ऐकताच मुलीकडे बघत राहिली.

"तोळामासा भावजी आहेत," तिने हाताने फोन झाकून सांगितलं. "तिसऱ्यांदा."

मुलीने फोन घेतला. "काका, करतेय."

"कर, कर. घाई नाही," तोळामासांचा आवाज त्यांच्या देहाच्या मानाने फारच भरदार होता. "फक्त काय आहे, हॉलवाल्याने पडदा दिलाय भिंतभर. आणि जुने निरीक्षकसाहेब येतो म्हणालेत. आयुष्यभर त्यांनी तुझ्या बापाच्या काट्यांवर डोळे मिटून शिक्के मारले. त्यांच्यासमोर आता मी भिंतभर लिहून दाखवू का, की इथे तुमची फसवणूक होऊ शकते?"

"नाही दाखवायचं, काका."

"मग फोटोच लावू का नुसता? फोटो आहे माझ्याकडे. जरा हललेला आहे."

"उद्यापर्यंत होईल."

"होणारच गं. तू बसलीस म्हणजे होणारच. बाप काय म्हणायचा तुला? पासंग!" ते हसले, आणि हसता हसता मधेच थांबले. "बरं, ठेवतो. वहिनींना म्हणावं, हार मी आणतो."

पासंग म्हणजे हलक्या पारड्याला अडकवलेला तो चिमूटभर तुकडा, ज्याने दांडी सरळ होते. लहानपणी तिला या नावाचा राग यायचा. शाळेत कुणाला सोनी म्हणत, कुणाला चिऊ. हिचा बाप हिला तराजूला लटकवून मोकळा.

तिने फोन ठेवला आणि पडद्याकडे वळली. काम खरं तर अवघड नव्हतं. सर्व्हरवर एक गुप्त किल्ली तयार करायची, तिच्या आधारे अर्ज करायचा, सर्टिफिकेट देणारा सांगेल ती खुणेची फाइल सांगेल त्या ठिकाणी ठेवून जागा आपलीच आहे हे सिद्ध करायचं, मग तो सर्टिफिकेट देतो. ते ठेवायचं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, संपलं. सकाळी पहिल्या झटक्यात सगळं पार पडलं होतं. नवं सर्टिफिकेट आलं होतं, त्यावर नवी तारीख होती, ज्या फोल्डरात कालपर्यंतचं जुनं होतं तिथेच ते जाऊन बसलं होतं. सर्व्हरही बिनबोभाट चालू झाला होता. आणि पान मात्र लालच्या लाल. कुलपावर बोट ठेवलं की ब्राउझर कालचीच तारीख दाखवत होता. नवं सर्टिफिकेट डोळ्यांसमोर असताना सर्व्हर कुठून तरी जुनंच काढून दाराशी धरत होता, हट्टी म्हाताऱ्याने नवे कपडे कपाटात ठेवून फाटकाच सदरा घालून बाहेर पडावं तसं.

"चहा ठेवू?" आईने विचारलं.

"नको."

"मगाचचा तसाच आहे, गार झाला."

"मग कशाला विचारतेस?"

आईने गार चहाचा कप उचलला आणि आत नेला. मुलीने डोळे चोळले, आणि जे टाळत होती ते केलं. सर्व्हरच्या कंपनीला फोन लावला.

बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "खातेदारांशी बोलता येईल का, मॅडम?"

"नाही. मी त्यांची मुलगी बोलतेय."

"सुरक्षेच्या कारणास्तव खातेदारांनाच माहिती देता येते. ते कधी उपलब्ध होतील?"

मुलीने काचेच्या पेटीतल्या काट्याकडे पाहिलं. "ते वारले."

"ओके, मॅडम." कळांचा आवाज. "झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. मग तुम्हाला मृत्यूचा दाखला अपलोड करावा लागेल. आमची टीम त्याची पडताळणी करेल. सात दिवसांच्या आत कळवतील."

"मला उद्या हवंय."

"मी समजू शकते, मॅडम. दाखला अपलोड करताय का?"

दाखला तिच्या पिशवीतच होता. गेले कित्येक दिवस तो बरोबर बाळगायची सवय झाली होती. बँक, वीज, पेन्शन, सगळीकडे तोच आधी मागत. फोटो काढण्यासाठी तिने तो टेबलावर सपाट केला आणि दिवसभराच्या सवयीने तिची नजर कोपऱ्यात तारीख शोधू लागली: कधीपासून वैध, कधीपर्यंत वैध. शिक्का होता, सही होती. मुदत कुठेच नव्हती. तो एकदाच काढायचा होता आणि कायमचा चालणार होता.

"मॅडम? नाहीतर दुसरा पर्याय म्हणजे, खातेदारांच्या नोंदणीकृत मोबाइलवर मी एक कोड पाठवू शकते. तो सांगितलात तरी चालेल."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही वारले म्हणालात, मॅडम."

आतल्या खोलीत बाबांचा फोन किणकिणला. आई तो रोज चार्ज करून ठेवत होती. का, ते मुलीने विचारलं नव्हतं. आई फोन घेऊन आली, लांब धरून, एकेक आकडा वाचत गेली, आणि मुलीने तो पुढे सांगितला.

"धन्यवाद. खातेदारांची ओळख पटलेली आहे," गोड आवाज म्हणाला.

मुलगी हसली. हसू अगदीच अनपेक्षितपणे आलं आणि चांगलं नव्हतं. आईने दचकून वर पाहिलं.

"आमच्या बाजूने सगळं बरोबर दिसतंय, मॅडम. नवीन सर्टिफिकेट तुमच्या सर्व्हरवर आलेलं आहे."

"आलंय हे मला माहीत आहे. ते दिसत का नाही?"

"ब्राउझर बंद करून पुन्हा उघडून बघाल का?"

तिने बघितलं. सकाळपासून बघत होती. फोन ठेवताना गोड आवाजाने तिला त्यांच्या सेवेबद्दल किती गुण देणार ते विचारलं.

बाबा असते तर या वेळी म्हणाले असते, "अजून लालच दिसतंय गं." दर तीन महिन्यांनी हेच. मुदत संपायला एकदोन दिवस राहिले की सकाळी त्यांचा फोन. "पासंगबाई, निरीक्षक आला दाराशी. काय काय करायचं, एकदा सांग." ती सांगायची. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात उभी राहून, एकेक पायरी. ते ठोकळ्यासारखे ऐकायचे, एकेक पायरी करायचे, आणि सगळं झाल्यावर म्हणायचे, लालच दिसतंय. "फाइल ठेवलीत का बाबा?" "ठेवली." "कुठे?" "जिथे ठेवायची तिथे." "सर्व्हर पुन्हा चालू केलात?" "केला." मग थांबायचं. सर्व्हर म्हातारा आहे, त्याला जरा वेळ लागतो, असं बाबांचं म्हणणं. तेवढ्यात ते विचारायचे, तिकडे थंडी आहे का, सध्या वाचतेस काय, त्या तुझ्या उद्धट साहेबिणीचं काय झालं. आणि बोलता बोलता, कुठल्या तरी भलत्याच गोष्टीच्या मधे, "अरे, झालं की!" कसं झालं ते त्यांना कळायचं नाही, आणि तिलाही नाही. "बाबा, हे आपोआप व्हायची सोय असते. एकदा लावून टाका ना," ती प्रत्येक वेळी सांगायची. "बघू, बघू," ते म्हणायचे. "माझ्या डोक्याबाहेरचं आहे ते."

एकदा मात्र तिला बैठकीला जायचं होतं. दाराशी लोक खोळंबले होते. तसं तिने सांगितलं, तर त्या दिवशी पाच मिनिटांत पान उघडलं होतं. तिने त्यांना शाबासकीही दिली होती.

आता बोलायला कुणी नव्हतं, आणि सर्व्हर काही आपणहून बरा होत नव्हता.

आईने उद्यासाठी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबांची हत्यारं मांडायला घेतली होती. सभेत एका मेजावर ती ठेवायची होती. कानशी, चिमटे, मखमलीने मढवलेली वजनांची पेटी. ती एकेक वस्तू पुसत होती, आणि प्रत्येक वस्तू खाली ठेवताना टेबल किंचित हलत होतं, आणि टेबल हललं की पडदा थरथरत होता.

"आई, ते जरा तिकडे खाली कर ना."

"खाली वाकता येत नाही मला."

"मग नंतर कर."

"नंतर कधी? तुझं संपायची वाट बघत बसले तर उद्याची सभा परवा होईल."

मुलीने कागदांवर काहीतरी खरडलं. पंख्याने कागद उडाले. तिने ते पकडले, पुन्हा ठेवले, ते पुन्हा उडाले. त्या क्षणी तिला पंख्याचा, कागदांचा, त्या गोड आवाजाचा आणि ज्या माणसाने हे सगळं तिच्यावर टाकून निघून जायचं ठरवलं त्याचा इतका संताप आला, की तिने हात लांब करून मखमली पेटीतलं एक पितळी वजन उचललं आणि कागदांवर आपटलं.

"अगं!" आई ओरडली. एवढ्या मोठ्याने ती गेल्या दीड महिन्यात ओरडली नव्हती. "हात नको लावूस! मूळ आहे ते!"

मुलीने हात मागे घेतला. चकचकीत पितळेवर तिच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता.

"कागदावर ठेवायला दुसरं काही मिळालं नाही तुला?" आई म्हणाली. तिने चिमटा घेतला, वजन अलगद उचललं, मऊ फडक्यावर घेऊन ठसा पुसू लागली. "आयुष्यात ह्यांनी कधी बोट लावलं नाही त्याला. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणायचे. पेटीतली ती मूळ. ती फक्त ताडून बघायला. रोजच्याला वापरायची ती ही." तिने पायाने टेबलाखालचा डबा पुढे ढकलला. काळपट, टवके गेलेली वजनं त्यात खडखडली. "मुळावरून ही खरी करून घ्यायची आणि मग यांच्यावर काम. मुळाला हात लावायचा नाही. तुला माहीत नाही का हे? या घरात जन्मलीस ना?"

मुलगी डब्याकडे बघत राहिली.

"या डब्याला काय म्हणायचे बाबा?"

"काय म्हणणार? कामाची वजनं. आता डब्याचं बारसं करायचंय का?"

मुलगी पडद्याकडे वळली. सर्व्हरवर दोन फोल्डर होते. ते तिने सकाळपासून शंभरदा पाहिले होते. एकाचं नाव 'मूळ'. सर्टिफिकेटं तिथे येत होती, आणि नवं सर्टिफिकेट तिथेच, जागच्या जागी, बसलं होतं. दुसऱ्याचं नाव 'कामाचे'. ते बाबांच्या चित्रांचं, पत्रांचं, किडुकमिडुकाचं असेल असं समजून तिने उघडलंही नव्हतं. आता उघडलं. आत एकच फाइल होती: काल मुदत संपलेलं सर्टिफिकेट, त्याच्या किल्लीसह. तिने सर्व्हरच्या मांडणीची फाइल काढली आणि मधली ओळ वाचली. सर्व्हर 'मूळ'कडे बघतच नव्हता. त्याला 'कामाचे'मधून घ्यायला सांगितलेलं होतं.

कुणाही शहाण्या माणसाने असं केलं नसतं. जे आलं तेच वापरायचं, मधे आणखी एक नक्कल कशाला? पण बाबांनी मूळ वस्तू मखमलीत ठेवली होती आणि कामाला तिची नक्कल लावली होती, आणि ती नक्कल दर वेळी स्वतःच्या हाताने करायची होती. इकडून उचलायची आणि तिकडे ठेवायची. ही पायरी त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती.

तिने ती केली. सर्व्हर बंद करून चालू केला. पान उघडलं.

लाल गेलं होतं. त्याच्या जागी काही विशेष आलं नाही. फिकट पिवळसर पान, वरती बाबांनी काढलेलं तराजूचं चित्र, दांडी किंचित वाकडी छापलेली, आणि खाली त्यांचं ते वाक्य: काटा बिघडला असेल तर घाबरू नका, आधी सपाट जागी ठेवा.

आई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"तो शब्द गेला?"

"गेला."

आई बराच वेळ पान वाचत राहिली, जणू ते पहिल्यांदाच बघत होती. मग तिने चष्मा काढून फडक्याने पुसला, आणि फडकं पितळ पुसायचं होतं हे लक्षात येऊन पदराने पुन्हा पुसला. "भावजींना कळवते," ती म्हणाली. "नाहीतर तो हललेला फोटो घेऊन येतील."

आई तोळामासांशी बोलत होती तोवर मुलीने बाबांचा फोन उचलला. एकदाची ही ब्याद कायमची मिटवून टाकायची. आपोआप व्हायची सोय लावायची की पुन्हा कुणाला लाल बघायला नको, कुणाला फोन करायला नको. नोंदणीकृत फोनवरूनच कंपनीला लावला म्हणजे कोडची कटकटही नाही.

या वेळी गोड आवाज नव्हता. एक घोगरा, निवांत पुरुषी आवाज होता. "नमस्कार साहेब! या वेळी फार दिवस लावलेत. गुडघे काय म्हणतात?"

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

"अच्छा! पासंगताई का?" माणूस खुशीत आला. "आम्हाला तुम्ही ठाऊक आहात. साहेब कुठे आहेत?"

"ते गेले," ती म्हणाली. "दीड महिना झाला."

पलीकडे मागे दुसरं कुणीतरी तिसऱ्या कुणाला ब्राउझर बंद करून उघडायला सांगत होतं, ते ऐकू आलं.

"अरेरे," माणूस म्हणाला. आणि जरा थांबून, "आमच्या भाजीवाल्याचा काटा त्यांनी फोनवरून दुरुस्त करून दिला होता."

"त्यांच्या खात्यावर सर्टिफिकेट आपोआप नवं व्हायची सोय लावून द्या," मुलगी म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तसाच, कोरडा आला. "सरळ वापरायच्या फोल्डरात. मधे काही नको."

"हो, लगेच. ती सोय सगळ्यांना आधीपासूनच चालू असते, ताई. तुमच्याच खात्यावर बंद आहे." कळांचा आवाज. "मीच बंद केली होती ना. साहेबांनी सांगितलं म्हणून."

"त्यांनी सांगितलं?"

"हो. अगदी सुरुवातीला. मी म्हटलं पण, साहेब, आपोआप होतंय ते होऊ द्या, कशाला उठाठेव. तर म्हणाले, नको, ते काम माझ्या मुलीचं आहे." तो जरासा हसला. "त्यांना सगळं येत होतं हो. मधे आमच्या एका नव्या पोराला त्यांनीच शिकवलं. तर मग चालू करू का आता?"

मुलीने पडद्यावरच्या 'कामाचे' या नावाकडे पाहिलं.

"ताई? आहात ना?"

"थांबा जरा."

तिने फोन छातीशी धरला. टेबलाच्या त्या टोकाला आईचं बोलणं संपलं होतं. ती चिमट्याने एकेक पितळी वजन मखमलीच्या खळग्यात बसवत होती, मोठ्यापासून लहानापर्यंत, श्वास रोखून.

"काय म्हणतो तो?" आईने मान वर न करता विचारलं.

"विचारतोय, यापुढे आपोआप करू का. म्हणजे कुणाला बघायला नको."

"आणि नाही केलं तर?"

"तर तीन महिन्यांनी पुन्हा मुदत संपणार. मग कुणीतरी इथे बसून करायला हवं. आणि मला तिकडून फोनवर सांगत बसायला हवं. एकेक पायरी."

आईने शेवटचं, नखाएवढं वजन त्याच्या जागी सोडलं आणि पेटीचं झाकण लावलं. मग तिने मुलीसमोरच्या पडद्याकडे पाहिलं.

"मला ते एका दमात नाही जमायचं," ती म्हणाली. "वेळ लागेल."

मुलीने फोन पुन्हा कानाला लावला.

"बंदच राहू द्या," ती म्हणाली.

मग ती उठली. खुर्ची रिकामी झाली. आईने आधी पदराने बसायची जागा झटकली, मग बसली, खुर्ची फार उंच आहे म्हणाली, मग फार मागे आहे म्हणाली, आणि चष्मा नाकावर चढवून पडद्याकडे बघू लागली.

"हं. पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "पण चिडायचं नाही."

"ते नाही सांगता येत."

"ह्यांच्यावर चिडायचीस ते मला इथवर ऐकू यायचं."

"त्यांना यायचं का ऐकू?"

"त्यांना?" आई म्हणाली. "फोन ठेवला की अर्धा दिवस तेच सांगत बसायचे मला."

मुलीने टेबलाखालून तो खडखडणारा डबा पायाने बाजूला सारला आणि स्टूल ओढून घेतलं. आईने बोट पुढे केलं आणि कळांच्या वर अधांतरी धरलं, मूळ वजनावर धरावं तसं, न लावता, आणि ती वाट बघत थांबली.